नागपूर करारातली शाळा आणि आक्रसत गेलेले अधिवेशन

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत काँग्रेसचे सतेज पाटील यांनी ‘सारथी’च्या पीएच.डी. फेलोशिपचा विषय काढला. सरकारने लाभार्थ्यांची संख्या दोनशेवर आणून ठेवली होती आणि ती वाढवावी अशी त्यांची मागणी होती. उत्तराला उभे राहिलेले तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, फेलोशिप घेऊन ही मुले काय करणार, असे विचारले. पीएच.डी. करतील, असे पाटील म्हणाले. त्यावर ‘पीएच.डी. करून काय दिवे लावणार आहेत?’ हे वाक्य आले आणि राज्यभर गाजले. पवारांनी नंतर दिलगिरीही व्यक्त केली.

चर्चा त्या वाक्यावर झाली आणि मूळ प्रश्न बाजूला पडला. बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, तर नागपुरात मुख्यालय असलेली महाज्योती इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी काम करते. या तिन्ही संस्थांच्या फेलोशिपसाठी एकच चाळणी परीक्षा २४ डिसेंबरला झाली. त्या परीक्षेत २०१९ च्या सेटची, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची, जुनी प्रश्नपत्रिका तशीच आल्याचे उघड झाले आणि १० जानेवारीला फेरपरीक्षा घ्यावी लागली. तिच्यावरही अनेक विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. अधिवेशन मात्र २० डिसेंबरलाच संपले होते. परीक्षेचा बोजवारा उडाला तेव्हा मंत्र्यांना जाब विचारायला सभागृहच भरलेले नव्हते. नागपूर अधिवेशनाचे दुखणे या चार दिवसांच्या अंतरात नेमके दिसते.

शिक्षणावर सरकारला धारेवर धरण्याची मराठी परंपरा विधानसभेपेक्षा जुनी आहे. कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्याने मिळाला, पण उत्तर मिळाले की विषय संपत असे. उपप्रश्नाची, म्हणजे मिळालेल्या उत्तरावर लगेच पुढचा प्रश्न विचारण्याची, मुभा १९०९ च्या सुधारणांनी दिली, तीही मूळ प्रश्नकर्त्यालाच. दुसऱ्या सदस्याला उठून उपप्रश्न विचारता येऊ लागला तो १९१९ नंतर. मंत्र्याच्या लेखी उत्तरात खात्याचा कारकून बोलत असतो. मंत्र्याला स्वतः किती माहिती आहे, हे उपप्रश्नातच कळते.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षण अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारचेच आकडे सरकारसमोर ठेवले: शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च आणि अबकारी करातून माणशी दोन रुपयांवर वसुली. निदान जेवढे लोकांकडून अबकारीत घेता, तेवढे तरी शिक्षणावर परत करा, हा त्यांचा मुद्दा होता. आजही कोणत्याही विरोधी आमदाराने अभ्यासावे असे ते भाषण आहे. आरडाओरडा नाही, आरोप नाही, फक्त दोन आकडे शेजारी ठेवलेले.

आता नागपूरकडे वळू. १९५६ पर्यंत हे शहर राजधानी होते आणि इथे १९१४ पासून स्वतःचे कायदेमंडळ होते. मराठी भाषकांच्या एका राज्यात यायचे म्हणजे ही राजधानी सोडायची. विदर्भातल्या पुढाऱ्यांना त्याची हमी हवी होती. ती २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने दिली. वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात, हे कलम सगळ्यांना पाठ असते. पण त्याच करारात निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि व्यावसायिक व शास्त्रीय शिक्षणाच्या सोयी तसेच सरकारी नोकऱ्या यांतही लोकसंख्येच्या प्रमाणात न्याय्य वाटा, असेही लिहिलेले आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये हाच आशय राज्यघटनेत गेला: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे, तंत्रशिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी, राज्याच्या सेवेत पुरेशी संधी, आणि मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे.

अधिवेशन आणि शिक्षण या दोन गोष्टी एकाच कागदावर आल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नागपुरात शिक्षणावर प्रश्न विचारणारा आमदार सरकारकडे मेहेरबानी मागत नसतो. एका कराराची अंमलबजावणी किती झाली, याचा हिशेब तो मागत असतो.

१९६० पासून हिवाळी अधिवेशन इथे भरू लागले, पण विकास मंडळे अस्तित्वात यायला १९९४ उजाडले. मधल्या काळात वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाची मोजणी केली आणि ‘अनुशेष’, म्हणजे मागे राहिलेल्या भागाच्या विकासातली तूट, हा शब्द विदर्भाच्या घराघरात गेला. हे आकडे सभागृहात सतत जिवंत ठेवणाऱ्यांत प्रा. बी. टी. देशमुख यांचे नाव घेतलेच पाहिजे. अमरावती पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी तीस वर्षे ते परिषदेत होते. प्राध्यापकांच्या संघटनेतून आलेला हा माणूस नियमांचे पुस्तक आणि अनुशेषाचे तक्ते घेऊन उभा राहत असे. घटनेच्या अनुच्छेद १७१ ने शिक्षक आणि पदवीधरांना परिषदेत जागा दिल्या त्या अशाच कामासाठी.

सामाजिक धोरणाची बाजू याहून वेदनादायी आहे. इथल्या अधिवेशनात एक प्रश्न सभागृहात विचारला जातो आणि दुसरा रस्त्यावर. यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी किंवा टेकडी रोडवर अडवले जातात. शिष्टमंडळ आत जाते, निवेदन देते, आश्वासन घेऊन परत येते. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच आला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, ही मागणी होती. मुलांचे शिक्षण आणि नोकऱ्या तिच्यावरच अवलंबून होत्या. त्या संध्याकाळच्या चेंगराचेंगरीत ११४ माणसे गेली, त्यांत बायका आणि लहान मुले बहुसंख्य. आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एवढ्या वर्षांत या समाजाचा प्रश्न सभागृहात कितीदा निघाला असेल! झिरो माईलजवळचे स्मारक पाहताना मला तरी मान खाली घालावीशी वाटते.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ ला मंजूर केला. अंमलबजावणी झाली १४ जानेवारी १९९४ ला. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, कारण ठराव करूनही सरकार हलत नव्हते.

शिक्षकांचे प्रश्न तर हिवाळ्याचे ठरलेले पाहुणे. २००१ मध्ये शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर मान्यता देण्याचे धोरण आले. त्यातला ‘कायम’ २००९ मध्ये काढला गेला आणि २०१६ मध्ये वीस टक्के अनुदानाचा पहिला टप्पा सुरू झाला. मधली वर्षे हजारो शिक्षकांनी नाममात्र पैशांवर किंवा बिनपगारी काढली. जुन्या पेन्शनचेही तसेच. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना ती बंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरातच देवेंद्र फडणवीस यांनी ती देता येणार नाही, राज्य दिवाळखोरीत जाईल, असे सांगितले. मार्च २०२३ मध्ये शिक्षक आणि कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. खर्चाचे गणित मांडणे हा सरकारचा अधिकारच आहे आणि ते उत्तर निदान स्पष्ट होते. स्पष्ट नकारावर पुढचा उपप्रश्न विचारता येतो. ‘तपासून उचित कार्यवाही करू’ या उत्तरापुढे मात्र आमदाराचे काही चालत नाही. ते पुढे मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीकडे जाते आणि तिथे वर्षानुवर्षे पडून राहते.

म्हणून अधिवेशन किती दिवस चालते, याला महत्त्व आहे. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने कोविडमुळे मुंबईत झाली. २०२२ आणि २०२३ मध्ये सुट्ट्या धरून दोन आठवडे मिळाले. २०२४ ला जे घडले, ते तर या इतिहासात वेगळे नोंदवावे असे आहे. १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी झाला, १६ ते २१ डिसेंबर अधिवेशन चालले आणि खातेवाटप जाहीर झाले २१ च्या रात्री. शालेय शिक्षणाचा मंत्री कोण, समाजकल्याणाचा कोण, हेच ठरलेले नसताना विरोधकांनी प्रश्न कोणाला विचारायचा?

२०२५ चे अधिवेशन ८ ते १४ डिसेंबर असे आठवडाभराचे झाले, आणि त्या वेळी दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. विधानसभेत २८८ पैकी २९ जागा, म्हणजे एक दशांश, असा निकष पुढे केला गेला आणि विरोधातल्या एकाही पक्षाकडे तेवढे आमदार नव्हते. परिषदेत अंबादास दानवे यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपल्यापासून ते पद रिकामे होते. विरोधी पक्षनेता नसला तरी आमदार प्रश्न विचारतातच. पण सचिवालयाशी, खात्यांशी पाठपुरावा करणारे कार्यालय आणि सभागृहात आधी बोलण्याचा मान त्या पदासोबत जातो.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मंडळे नाहीत म्हणून त्यांचा वार्षिक अहवालही नाही. तंत्रशिक्षणाच्या जागा, वसतिगृहे, आश्रमशाळा, भरलेली आणि रिकामी पदे, या सगळ्याची विदर्भापुरती वेगळी आकडेवारी ज्या वाटेने सभागृहात यायला हवी, ती वाट बंद झाली आहे. तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नातून ती तुकड्यातुकड्याने काढता येते, आणि विदर्भातल्या आमदारांनी, मग ते कोणत्याही बाकावर बसोत, पहिला तारांकित प्रश्न याच आकड्यांचा टाकला पाहिजे.