अणू आहेत कशावरून?

१९०० साली युरोपातल्या एखाद्या नामांकित शास्त्रज्ञाला 'अणू खरोखर असतात का?' असं विचारलं असतं, तर सरळ 'हो' असं उत्तर मिळालंच असतं असं नाही. सगळे पदार्थ अणूंचे बनलेले असतात हा जॉन डाल्टनचा अणुसिद्धान्त तेव्हा जवळजवळ शंभर वर्षांचा झाला होता. रसायनाचे विद्यार्थी अणुभार पाठ करत होते, समीकरणं जुळवत होते. तरीही लाइप्झिगचा विल्हेल्म ओस्टवाल्ड आणि व्हिएन्नाचा अर्न्स्ट माख यांच्यासारखे मोठे लोक म्हणत, की अणू ही हिशेबाची सोय आहे. हिशेब जुळतो म्हणून ती वस्तू जगात असलीच पाहिजे असं कुठे आहे?

मला हा आक्षेप मूर्खपणाचा वाटत नाही. डाल्टनकडे होतं काय, तर वजनांची प्रमाणं. ३ ग्रॅम कार्बन ४ ग्रॅम ऑक्सिजनशी जुळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, ८ ग्रॅमशी जुळला की कार्बन डायऑक्साइड. बरोबर दुप्पट, अधलंमधलं काही नाही. यावरून कणांची कल्पना सुचते खरी, पण एक कण केवढा, त्याचं वजन किती, चमचाभर पाण्यात असे कण किती, हे त्यातून कळत नाही. ज्याची मोजदाद होत नाही त्यावर विश्वास का ठेवायचा?

उत्तर सापडलं ते एका जुन्या, बाजूला पडलेल्या निरीक्षणात. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन हा वनस्पतिशास्त्रज्ञ पाण्यातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. परागकणच थरथरत होते असं पुष्कळदा सांगितलं जातं, ते बरोबर नाही. हलत होते ते परागकणांच्या आतले अतिसूक्ष्म कण. ब्राउनला आधी वाटलं, ही जिवंतपणाची खूण असावी. म्हणून त्याने वर्षानुवर्षं वाळवून ठेवलेले नमुने पाहिले, मग काचेची आणि दगडांची पूड पाहिली, इजिप्तच्या स्फिंक्सचा एक कणसुद्धा कुटून पाहिला. पूड पुरेशी बारीक असली की ती हलायचीच, आणि हलायची थांबायची नाही.

पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धडका देतात म्हणून हे होत असावं, असा तर्क पुढे काहींनी केला. कणाला प्रत्येक क्षणी असंख्य धडका बसतात. त्या बहुतांशी एकमेकींना रद्द करतात, पण पूर्णपणे नाही. उरलेला फरक कणाला कधी इकडे, कधी तिकडे ढकलतो. कण जितका लहान, तितका हा फरक त्याला जास्त जाणवतो. ही कल्पना तपासायला लोकांनी कणांचा वेग मोजून पाहिला, आणि आकडे काही केल्या जुळेनात. जुळणार तरी कसे? दिशा इतक्या झपाट्याने बदलते, की आपण मोजतो तो वेग खरा नसतोच.

१९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनने ही अडचण ओळखली. वेग सोडा, ठरावीक वेळात कण मूळ जागेपासून किती लांब गेला तेवढं बघा, असं त्याचं म्हणणं. वेळ चौपट केली तर अंतर दुप्पट व्हायला हवं, चौपट नव्हे. १७ अंश सेल्सियसच्या पाण्यात एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा कण मिनिटाभरात सरासरी सुमारे ६ मायक्रॉन सरकेल, असंही त्याने लिहून ठेवलं. साध्या सूक्ष्मदर्शकातून तपासता येईल असं हे भाकीत होतं. शिवाय त्या अंतरावरून पाण्यातल्या रेणूंची संख्या काढता येत होती.

तपासणीचं किचकट काम पॅरिसच्या जाँ पेराँने अंगावर घेतलं. त्याने निवडलेला पदार्थ गमतीचा आहे: गँबोज, म्हणजे चित्रकार पिवळ्या रंगासाठी वापरतात तो झाडाचा वाळलेला चीक. ही झाडं गार्सिनिया प्रजातीतली, म्हणजे कोकणातल्या रातांब्याचीच भावंडं. चीक पाण्यात चोळला की त्याचे वाटोळे दाणे सुटे होतात. पण ते सगळे एका मापाचे हवेत. पेराँने एक किलो गँबोज घेतला, पुन्हा पुन्हा यंत्रात गरगरा फिरवून दाणे वेगळे केले, आणि काही महिन्यांनी त्याच्या हाती हव्या त्या मापाचा माल आला तो एका ग्रॅमहूनही कमी.

त्याचा सर्वांत सुंदर प्रयोग मात्र दाण्यांच्या धावपळीचा नाही, त्यांच्या थरांचा आहे. दाणे पाण्यात सोडले की वजनामुळे खाली बसू पाहतात आणि रेणूंच्या धडकांमुळे वर उधळतात. या ओढाताणीत तळाशी दाटी आणि वर विरळपणा अशी स्थिती होते. पृथ्वीभोवतालची हवा नेमकी अशीच आहे. म्हणून एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश उरतो. पेराँने एका मालिकेत सुमारे १३,००० दाणे मोजले. दर ३० मायक्रॉन उंचीला त्यांची संख्या जवळपास निम्मी होत होती: १००, ४७, २२.६, १२.

आता निव्वळ ऑक्सिजनचं वातावरण घेतलं, तर शून्य अंश तापमानाला त्याची दाटी निम्मी व्हायला सुमारे ५ किलोमीटर चढावं लागतं. कण जितका जड, तितकी ही उंची कमी. म्हणजे पाणी दाण्याला जेवढं वर उचलून धरतं तेवढं वजा केल्यावर त्याचं जे वजन उरतं, ते ऑक्सिजनच्या रेणूच्या सोळा-सतरा कोटी पट. दाण्याचा आकार आणि घनता मोजता येते, म्हणजे त्याचं वजन माहीत. त्यावरून रेणूचं वजन निघालं. ३२ ग्रॅम ऑक्सिजनला रेणूच्या या वजनाने भागलं, की तेवढ्या ऑक्सिजनमधल्या रेणूंची संख्या मिळते. पेराँला ती सातावर तेवीस शून्यांच्या आसपास मिळाली. आजचा आकडा सहावर तेवीस शून्यांच्या थोडा पुढे आहे. रंगाच्या वडीतून काढलेल्या उत्तराला मी तरी यापेक्षा जास्त गुण देणार नाही, पण कमीही देणार नाही.

एकट्या या आकड्याने ओस्टवाल्ड हलला नसता. पण दाण्यांच्या धावपळीतून तोच आकडा येत होता, आकाशाच्या निळेपणावरून तोच, आणि रेडियम या किरणोत्सारी धातूतून सुटणारे वेगवान अल्फा कण व त्यांच्यापासून साठणारा हेलियम वायू मोजला तरी तोच. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या वाटा एकाच ठिकाणी पोचत होत्या. १९०९ मध्ये ओस्टवाल्डने जाहीरपणे माघार घेतली. माखची शंका मात्र शेवटपर्यंत गेली नाही. अणूंसाठी आयुष्यभर भांडलेला लुडविग बोल्ट्झमन तोवर हयात नव्हता. १९०६ मध्ये त्याने आत्महत्या केली होती.

ओस्टवाल्ड वळला त्याच वर्षी मँचेस्टरला अंधाऱ्या खोलीत बसून हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन अल्फा कणांनी पडद्यावर उठणाऱ्या ठिणग्या डोळ्यांनी मोजत होते. धातूच्या पातळ पत्र्यावर आदळलेल्या सुमारे आठ हजार कणांपैकी एखादा उलट दिशेने परत येत होता. त्यांचा प्रमुख अर्नेस्ट रदरफर्डने १९११ मध्ये त्याचा अर्थ लावला: अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान आणि धनप्रभार मधल्या चिमुकल्या केंद्रकात आहे, अणूच्या रुंदीच्या दहा हजारांश भागाहूनही लहान जागेत. म्हणजे अणू आहे याची खात्री पटेपर्यंत तो बराचसा पोकळ निघाला. विशेष म्हणजे मध्ये धनप्रभारित सूर्य आणि भोवती ऋणप्रभारित ग्रह, असा अणू पेराँने १९०१ मध्येच एका व्याख्यानात सुचवला होता. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण त्याच्यामागे एकही मोजणी नव्हती.