लाँग क्यूटी : घराण्यातल्या आकस्मिक मृत्यूंची उकल

नौपाड्यातल्या एका परिचित कुटुंबाने गेल्या महिन्यात नातीच्या ईसीजीची पट्टी माझ्यापुढे ठेवली. गजर वाजला की ही चौदा वर्षांची मुलगी अंथरुणातून उठता उठता कोसळत असे, आणि दोन वर्षे तिला आकडीची औषधे चालू होती. पट्टीवरचा एक मोठा चौकोन म्हणजे २०० मिलिसेकंद. ठोके मिनिटाला साठच्या आसपास असूनही क्यू लाटेच्या आरंभापासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचे अंतर, म्हणजेच क्यूटी, अडीच चौकोनांच्या पुढे गेले होते. "माझा धाकटा भाऊ असाच गेला, फटाक्याच्या आवाजाने," आजी म्हणाल्या.

क्यूटीचे हे अंतर लांबणे म्हणजेच लाँग क्यूटी. या आजाराचा इतिहास अशाच वाक्यांपासून सुरू होतो. लाइपझिग येथील डॉक्टर माइसनर यांनी १८५६ मध्ये एका मूकबधिर शाळकरी मुलीची हकिगत नोंदवली; चारचौघांत कानउघाडणी होताच ती जागीच गतप्राण झाली, आणि आईवडिलांना त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही, कारण तिची भावंडे अशाच प्रसंगी दगावली होती. त्या काळी ईसीजी नव्हता. पुढे १९५७ मध्ये नॉर्वेतील येर्वेल आणि लांगे-निल्सन यांनी एका घरातल्या सहापैकी चार बधिर मुलांमध्ये लांबलेला क्यूटी दाखवून दिला. त्यांतली तीन मुले अचानक मरण पावली होती. ऐकू येणाऱ्या मुलांमधला तोच विकार १९६३ मध्ये इटलीत रोमानो यांनी आणि १९६४ मध्ये आयर्लंडमध्ये वॉर्ड यांनी वर्णिला.

हे सारे निरीक्षण झाले. कारण हाती येण्यास आणखी तीस वर्षे जावी लागली. अमेरिकेच्या यूटा राज्यातील एका मोठ्या कुटुंबाच्या वंशावळीवरून कीटिंग यांच्या गटाने १९९१ मध्ये ११व्या गुणसूत्रावर बोट ठेवले, आणि १९९५-९६ मध्ये तीन जनुके सापडली. त्यांपैकी केसीएनक्यू१ आणि एचईआरजी ही पोटॅशियम चॅनेलची, तर एससीएन५ए हे सोडियम चॅनेलचे जनुक. चॅनेल म्हणजे पेशीच्या पटलातली, प्रथिनांची बनलेली ये-जा करण्याची वाट. प्रत्येक ठोक्यानंतर पोटॅशियम बाहेर पडून हृदयपेशी पूर्वस्थितीला येते. त्याला विलंब झाला की क्यूटी लांबतो, आणि त्या नाजूक क्षणी अवेळी उठलेला आवेग ठोक्यांची घडी पार विस्कटून टाकतो. सोडियम चॅनेलमध्ये प्रकार निराळा असतो : काही कुटुंबांत या चॅनेलच्या प्रथिनाच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागांना जोडणाऱ्या दुव्यातली अवघी तीन अमिनो आम्ले गळालेली आढळली. हा दुवा काही मिलिसेकंदांत वाट बंद करणारे झाकण असल्यामुळे ते नीट बसत नाही आणि सोडियम आत झिरपत राहते.

बधिरतेचा उलगडा १९९७ मध्ये झाला, आणि या इतिहासातला तो टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. केसीएनक्यू१चेच चॅनेल अंतर्कर्णातल्या द्रवात पोटॅशियम सोडते, त्यामुळे दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले की हृदयाबरोबर कानही जातात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत ज्या घरांत आहे, तिथे ही शक्यता वाढते.

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असली तरी नुकसान निम्म्यावर का थांबत नाही, हे रचनेवरून कळते. पोटॅशियमचे चॅनेल चार प्रथिने एकत्र येऊन बनते. निम्मी सदोष असून ती सरमिसळ झाली, तर चारही निर्दोष असण्याची शक्यता १६त १ एवढीच उरते. मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनेलची रचना उलगडली, त्यासाठी त्यांना २००३चे नोबेल मिळाले. मानवी एचईआरजीची रचना मात्र २०१७ मध्ये, गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनातून, हाती आली. एचईआरजीतल्या पुष्कळ उत्परिवर्तनांत छिद्र बुजलेले नसतेच. घडी चुकलेले प्रथिन पेशीच्या आतच अडवले जाते आणि पटलापर्यंत पोहोचत नाही.

या मुलीचा दोष एचईआरजीत निघाला. गजराच्या आवाजाने कोसळणे ही त्या प्रकाराची ओळखीची खूण आहे. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयावरचे औषध सुरू झाले, गजराचे घड्याळ खोलीतून गेले, आणि घरातल्या सर्वांचे ईसीजी काढले गेले. तोच दोष आजींमध्येही आहे. क्यूटी ४८० मिलिसेकंद, वय ७१, आणि आयुष्यात एकदाही चक्कर आलेली नाही.