मेन कॉक बदलायचाय? पाना उचलण्याआधी मीटर कुठे आहे ते पाहा

बेसिनखालची नळी फुटते, आपण धावत जाऊन मेन कॉक, म्हणजे घराचं सगळं पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह, फिरवतो आणि चाक नुसतंच गरगर फिरत राहतं. जुन्या पितळी गेट व्हॉल्व्हचं, म्हणजे चाक फिरवून आतली चकती वर-खाली करणाऱ्या कॉकचं, हे नेहमीचं दुखणं. वर्षानुवर्षं न हलवल्यामुळे आतली चकती क्षारांनी धरून बसते, जोर केला की दांड्यापासून सुटते, मग पाणी काही थांबत नाही. असा कॉक दुरुस्त करत बसू नये, बदलावा. पण महापालिकेचं पाणी असेल तर आधी तो मीटरच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं.

मीटरनंतरचा कॉक तुमचा. त्याला अर्ज नको, परवानगी नको, चांगला प्लंबर बोलवा आणि बदलून घ्या. सोसायटीत मात्र टाकी, पंप आणि बाहेरच्या पाइपलाइनची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) सोसायटीच्या खर्चाने होते. तिथला कॉक एखाद्या सभासदाने परस्पर बदलू नये, सचिवांना लेखी कळवावं.

मीटरच्या आधीची गोष्ट वेगळी. रस्त्यातल्या मुख्य वाहिनीवर फेरूल, म्हणजे वाहिनीतून घरासाठी पाणी काढून देणारा छोटा पितळी जोड, बसवलेलं असतं, तिथून तुमच्या मीटरपर्यंत येणारी नळी ती नळजोडणी. या भागात हात घालायचा तर पाणीपुरवठा विभागाची परवानगी आणि परवानाधारक प्लंबर, दोन्ही हवेत. मीटरचं सील तुटलं तर ते चुकून तुटलं हे पटवून देणं तुमच्यावर येतं. 'दहा मिनिटांचं काम आहे, कोण विचारतंय' असं म्हणणाऱ्या प्लंबरला म्हणूनच नम्रपणे नाही म्हणा.

या परवानगीचा अर्ज ज्याच्या नावावर नळजोडणी आहे त्याने करायचा. भाडेकरू असाल तर मालकाचं ना-हरकत पत्र जोडा. सोसायटीसाठी अध्यक्ष किंवा सचिवांच्या सहीचं पत्र लागतं, सोबत समितीच्या ठरावाची प्रत असली तर उत्तम. सगळ्यात जास्त अडतं ते बिल अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं तिथे. अशा घरांनी मालकी हक्कातील बदलाचा अर्जही आत्ताच करून टाकावा, पुढच्या प्रत्येक कामाला तो लागणारच.

कागदपत्रं फार नाहीत. ग्राहक क्रमांक दिसेल असं शेवटचं पाणीपट्टीचं बिल आणि भरल्याची पावती, मालमत्ता कराची पावती, ओळखपत्र आणि प्लंबरच्या परवान्याची प्रत. मी यात कॉकचा, मीटरचा आणि मीटरवरच्या आकड्याचा असे तीन फोटो जोडायला सांगेन. थकबाकी असेल तर ती आधी भरा, नाहीतर अर्ज तिथेच थांबण्याची शक्यता मोठी.

अर्ज तुमच्या प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयातल्या पाणीपुरवठा विभागात द्यायचा. इथे एक बारकावा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली महापालिकांच्या ज्या पाणीविषयक सेवा अधिसूचित आहेत, त्यात नवीन नळजोडणी, जोडणीच्या आकारातला बदल, पुनर्जोडणी, नादुरुस्त मीटरची तक्रार असं बरंच काही आहे, पण 'कॉक बदलणे' या नावाची वेगळी सेवा नाही. कामासाठी फेरूलपासून पाणी बंद करावं लागणार असेल तर 'तात्पुरते नळजोडणी खंडित करणे' आणि 'पुनर्जोडणी' या सेवांखाली अर्ज करता येईल का, ते खिडकीवर विचारा. होकार मिळाला तर 'तात्पुरते'वरच खूण करा. 'कायमस्वरूपी' निवडलं गेलं तर जोडणीच बंद व्हायची. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते. ती उलटली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत प्रथम अपील करता येतं. म्हणून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

यानंतर कनिष्ठ अभियंता जागा पाहायला येतो. नळाला थेट मोटर लावलेली असेल तर ती आधीच काढा. ती नियमबाह्य आहेच, शिवाय शेजाऱ्यांच्या वाट्याचं पाणी ओढते. कॉक रस्त्याखाली किंवा फुटपाथखाली असेल तर खोदाईची परवानगी पथ विभागाकडून वेगळी घ्यावी लागते. पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी खोदाई बंद असते, तेव्हा असं काम मे महिन्याआधी उरकलेलं बरं.

कामाचा दिवस वॉल्व्हमनशी, म्हणजे भागात पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी, बोलून ठरवा, पाणी येण्याची वेळ त्याच्याइतकी कुणाला माहीत नसते. घरगुती जोडणी बहुधा 15 मिमीची, म्हणजे अर्ध्या इंचाची असते. तरी नळी मोजूनच कॉक आणा. गेट व्हॉल्व्ह घेत असाल तर पितळी आणि आयएस 778 या भारतीय मानकाचा शिक्का असलेला घ्या. मला स्वतःला बॉल व्हॉल्व्ह बरा वाटतो, पाव फेरीत बंद होतो आणि बंद आहे की चालू ते दांडीवरूनच दिसतं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) नळी जुनी असेल तर प्लंबरला दोन पाने वापरायला लावा, एकाने नळी धरायची, दुसऱ्याने कॉक सोडवायचा. गंजलेले आटे एका झटक्यात तुटतात, मग साध्या कामाची खोदाई होते. कॉकशेजारी युनियन, म्हणजे आटे सोडून उघडता येणारा जोड, बसवून घेतलं तर पुढच्या वेळी नळी कापावी लागणार नाही.

पाणी सुरू झाल्यावर पहिलं गढूळ पाणी टाकीत जाऊ देऊ नका, बादलीत काढून झाडांना घाला. मीटरचं सील शाबूत आहे ना ते अभियंत्यासमोरच पाहा, त्या दिवसाचा आकडा अर्जाच्या पोचेवर लिहून ठेवा आणि पुढचं बिल आलं की त्याच्याशी ताडून बघा.