कांजिण्या की हात-पाय-तोंडाचा आजार? आधी तळपाय बघा

मुलाच्या अंगावर पाण्याचे फोड दिसले की घरात पहिला शब्द निघतो ‘कांजिण्या’. बऱ्याचदा त्या नसतातच. पोट-पाठ नंतर; आधी मोजे काढा.

हात-पाय-तोंडाच्या आजाराने नावातच पत्ता दिलाय. तळहात, तळपाय आणि बरेचदा ढुंगणावरही लांबट, करडसर फोड येतात. ते सहसा खाजत नाहीत, दाबले की दुखतात. खरा छळ तोंडाच्या आत. भुकेलेलं मूल पहिला घास घेतं आणि रडत थुंकून टाकतं, लाळ गळत राहते. आपण मात्र ‘तोंड आलंय’ म्हणून सोडून देतो.

कांजिण्या बहुधा छाती, पाठ किंवा चेहऱ्यावर सुरू होतात, केसांतही सापडतात, आणि खाज जीव नकोसा करते. लाल ठिपका, त्यावर दवाच्या थेंबासारखा फोड, मग खपली. रोज नवी खेप येत असल्याने एकाच पाठीवर तिन्ही अवस्था शेजारी-शेजारी दिसतात. माझ्या मते ही खूण सगळ्यांत भरवशाची. लस झालेल्या मुलाला मात्र मोजकेच ठिपके उठतात आणि हात-पाय-तोंडाचा आजार कॉक्सॅकी ए६ या विषाणूमुळे झाला असेल तर त्याचे फोड अंगभर पसरू शकतात. अशा वेळी अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

तारखाही आठवून बघा. संपर्कानंतर कांजिण्या 10 ते 21 दिवसांनी निघतात, दुसरा आजार 3 ते 6 दिवसांत.

दोन्हींत तापाला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन कधीच नाही. कांजिण्यांत आयब्युप्रोफेनही टाळा, नखं बारीक कापा आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नका. घरात गर्भवती किंवा तान्हं बाळ असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा. दुसऱ्या आजारात थंड पातळ पदार्थ चमच्या-चमच्याने पाजत राहा. आंबट रस झोंबतो. आठ तास लघवी झाली नाही, किंवा सतत उलट्या, ग्लानी, झोपेत वारंवार दचकणं दिसलं तर थांबू नका. विषाणू शौचावाटे काही आठवडे बाहेर पडतो, म्हणून लंगोट बदलल्यावर हात साबणानेच धुवा. सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका.

हात-पाय-तोंडाचा आजार विसरल्यावर महिन्या-दीड महिन्याने एखादं नख सुटून आलं तर घाबरू नका. तेही याच आजाराचं, आणि खालून नवं नख येतं.