मृदा-जैवविविधता शिक्षण

मृदा-जैवविविधता शिक्षण : मातीतील जीव आणि त्यांची कामे यांची विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष निरीक्षणातून करून दिली जाणारी ओळख. शाळेत माती शिकवताना भर पोत, खनिजे व सामू यांवर राहिला. जीव मागे पडले. २०२० च्या जागतिक मृदा दिनाचा (५ डिसेंबर) विषय मात्र मृदा-जैवविविधता हाच होता.

या शिक्षणाची पूर्वपीठिका काही जण चार्ल्स डार्विन यांच्या गांडुळांवरील ग्रंथापर्यंत (१८८१) नेतात. त्यांच्या घरगुती प्रयोगांत मुलांचाही हातभार होता, हे खरे. पण वर्गातील आजच्या पद्धतीचे मूळ उपकरणांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्यांतील प्रमुख उपकरण म्हणजे मातीतील बारीक जीव वेगळे काढणारे बर्लीझ-टुल्ग्रेन नसराळे. इटालियन कीटकशास्त्रज्ञ आंतोनिओ बर्लीझ यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याचे वेष्टन असलेले नसराळे वापरले. स्वीडनच्या आल्बर्ट टुल्ग्रेन यांनी १९१८ च्या सुमारास उष्णतेसाठी विजेचा दिवा योजला. बल्बच्या शालेय उपकरणालाही अनेकदा एकट्या बर्लीझ यांचे नाव दिले जाते. ते अपुरे होय. शाळेत प्लॅस्टिकची बाटली कापून तिचा वरचा भाग उलटा बसवतात, त्यात जाळी व तिच्यावर पालापाचोळ्यासह माती ठेवतात. वर लावलेल्या दिव्याच्या उष्णतेने माती वरून सुकू लागली की जीव ओलाव्याकडे, म्हणजे खाली सरकतात आणि भांड्यात पडतात. एलईडी दिव्याची ऊब यासाठी पुरत नाही. तारेचा जुना बल्बच लागतो. घाई करून माती भराभर तापवली, तर मंद चालीचे जीव ढेकळातच मरतात. भिंगाखाली बहुधा माइट (कोळ्यांच्या गटातील बारीक जीव) व स्प्रिंगटेल (बिनपंखी, उडी मारणारे बारीक जीव) सापडतात. स्प्रिंगटेलच्या पोटाखाली दुमडलेला काटा उघडतो आणि त्याच्या जोरावर स्प्रिंगटेल उडी घेतो. हे एकदा पाहिलेले मूल मातीला सहसा निर्जीव म्हणत नाही. त्यासाठी काही जीव जिवंत पाहून पुन्हा मातीत सोडावेत.

सूत्रकृमी (दोऱ्यासारखे अतिसूक्ष्म कृमी) या रीतीने मिळत नाहीत. त्यांच्यासाठी बेर्मान यांनी १९१७ मध्ये जावा बेटावर योजलेले, पाणी भरलेले नसराळे असते. जीवाणू व बुरशी यांचे काम अप्रत्यक्षपणेच कळते : चहाच्या पिशव्या सुमारे तीन महिने पुरून वजनातील घट मोजतात; तीवरून चहा किती कुजला ते कळते.

पृथ्वीवरील किती जाती मातीत राहतात, याबद्दल एकमत नाही. पूर्वी सुमारे एक-चतुर्थांश म्हणत; २०२३ मधील एका अंदाजात हे प्रमाण ५९ टक्के आले. त्यातील अनिश्चितता मोठी असल्याने वर्गात ‘किमान एक-चतुर्थांश’ सांगणे बरे.

महाराष्ट्रात ‘शेतकऱ्याचा मित्र’ म्हणून गांडूळ मुलांच्या ओळखीचे असते. मात्र खताच्या खड्ड्यात सहसा सोडले जाणारे आयसेनिया फेटिडा हे मूळचे युरोपातील, कुजत्या पाल्यात राहणारे गांडूळ होय. शेतात खोल बिळे करणाऱ्या जाती वेगळ्या. त्यामुळे खड्डा दाखवून धडा संपवू नये; शाळेच्या परसबागेतील आणि झाडाखालच्या पाल्यातील ओंजळभर माती शेजारी-शेजारी तपासावी.