नवे स्टेडियम आणि फुटबॉल क्लबची प्रेक्षकसंख्या

फुटबॉल क्लबने जुने मैदान सोडून नव्या स्टेडियममध्ये बिऱ्हाड हलवले की घरच्या सामन्यांची सरासरी प्रेक्षकसंख्या बहुधा वाढते. ती किती वाढेल आणि किती वर्षे टिकेल, हे नव्या खुर्च्यांच्या संख्येवरून कळत नाही. जुन्या मैदानाच्या फाटकाबाहेर किती माणसे तिकिटाविना राहत होती, यावरून ते कळते. इंग्लंडमध्ये १९८८ पासून डझनावारी क्लबांनी मैदाने बदलली. त्यात भरभराट झालेले क्लब आहेत तसे बुडालेलेही आहेत, म्हणून या नोंदीतील बहुतेक उदाहरणे तिथली आहेत.

दबलेली मागणी

या स्थलांतरांची सुरुवात स्कन्थॉर्प युनायटेडच्या ग्लॅनफर्ड पार्कपासून (१९८८) झाली. खरा रेटा मिळाला तो १५ एप्रिल १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर. शेफिल्डमधील त्या चेंगराचेंगरीत ९७ जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेच्या चौकशीवरच्या १९९० च्या टेलर अहवालानंतर वरच्या दोन श्रेणींतील क्लबांना उभे राहण्याच्या पायऱ्या काढून सर्वत्र खुर्च्या बसवाव्या लागल्या. जिथे माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहत, तिथे खुर्च्या मांडल्या की जागा झपाट्याने घटते. सन्डरलंडच्या रोकर पार्कमध्ये १९३३ च्या एका चषक सामन्याला ७५,११८ प्रेक्षक होते. शेवटच्या काळात त्याच मैदानाची क्षमता जेमतेम साडेबावीस हजार उरली होती.

अशा मैदानाची सरासरी बोलते ती भिंतींबद्दल, मागणीबद्दल नव्हे. साउदॅम्प्टनच्या ‘द डेल’मध्ये सुमारे १५,२०० माणसे मावत आणि २०००-०१ ची सरासरी १५ हजारांच्या थोडी वर होती, म्हणजे जवळजवळ प्रत्येक सामना हाऊसफुल्ल. २००१ मध्ये क्लब ३२ हजारांवर क्षमतेच्या सेंट मेरीज स्टेडियममध्ये गेला आणि पहिल्याच हंगामात सरासरी ३० हजारांवर पोहोचली. आर्सेनलचे हायबरी सुमारे ३८,४०० क्षमतेचे होते. २००६ मध्ये ६० हजारांच्या एमिरेट्समध्ये गेल्यावर सरासरी थेट ६० हजारांवर गेली. सीझन तिकिटासाठी (हंगामभराच्या तिकिटासाठी) ताटकळणाऱ्यांची यादी लांबलचक असल्यामुळे तिथे नवा प्रेक्षक शोधावा लागला नाही.

या वाढीत पाहुण्या संघाच्या समर्थकांचा वाटा असतो, तो हिशेबातून अनेकदा निसटतो. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, पाहुण्यांसाठी ३,००० किंवा क्षमतेच्या १० टक्के, यांपैकी जे कमी असेल तितकी तिकिटे ठेवावी लागतात. हा नियम लावला तर १५ हजारांच्या मैदानात पाहुण्यांना दीड हजार जागा मिळतात आणि ३२ हजारांच्या मैदानात तीन हजार. म्हणजे गावातला एकही माणूस न वाढता मोठ्या क्लबच्या सामन्याला दीड हजारांची भर पडू शकते.

नव्याचे नऊ दिवस

नव्या इमारतीच्या कुतूहलाने येणारी गर्दी ओसरतेच. त्यानंतर किती माणसे उरतात, याचा उलगडा सन्डरलंडच्या आकड्यांत नीट होतो, आणि ते उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे.

रोकर पार्कवरचा शेवटचा हंगाम (१९९६-९७) प्रीमियर लीगमधला होता. सरासरी सुमारे २१ हजार होती आणि शेवटी क्लब खालच्या श्रेणीत घसरला. म्हणजे ‘स्टेडियम ऑफ लाइट’ हे नवे स्टेडियम उघडले तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. बंद पडलेल्या मंकवेअरमथ कोळसा खाणीच्या जागेवर ते उभे आहे आणि बाहेर खाणकामगारांच्या दिव्याचे शिल्प आहे. गावातली ज्यांची रोजी-रोटी त्या खाणीवर होती, त्यांना ही जागा परकी वाटली नाही. पहिल्याच हंगामात सरासरी ३३ हजारांवर गेली. पुढच्या हंगामात संघाने १०५ गुण मिळवून बढती घेतली, तेव्हा ती ३९ हजारांच्या घरात होती. सुरुवातीची ४२ हजारांची क्षमता २००० मध्ये ४९ हजारांवर नेली.

मग उतरण लागली. २००२-०३ मध्ये केवळ १९ गुण घेऊन संघ पुन्हा घसरला आणि २००३-०४ ची सरासरी २७ हजारांच्या आसपास आली. खुर्च्या त्याच होत्या, छपरेही तीच. २०१८ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला तेव्हा मात्र उलटे घडले. २०१८-१९ ची सरासरी आदल्या वर्षीच्या दुसऱ्या श्रेणीतल्या सरासरीपेक्षा जास्त, सुमारे ३२ हजार भरली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध तर ४६,०३९ प्रेक्षक आले. वरच्या श्रेणीत सतत हरणाऱ्या संघापेक्षा खालच्या श्रेणीत जिंकणारा संघ माणसे जास्त खेचतो. नव्या स्टेडियममुळे त्या माणसांना बसायला जागा मिळते, इतकेच.

म्हणूनच ‘स्थलांतराने इतके टक्के वाढ झाली’ असे विधान जपून वाचावे. ब्रायटनची सरासरी २०१०-११ मध्ये साडेसात हजारांच्या आत होती, ती २०११-१२ मध्ये २० हजार झाली. त्या उन्हाळ्यात क्लब नव्या फाल्मर स्टेडियममध्ये गेला हे खरे, पण त्याच उन्हाळ्यात तो तिसऱ्या श्रेणीतून दुसरीत चढलाही होता. शिवाय आधीची बारा वर्षे तो विदीनच्या ॲथलेटिक्स मैदानावर, धावपट्टीपलीकडच्या तात्पुरत्या, बऱ्याचशा उघड्या स्टँडांत खेळत होता. तिन्ही कारणे एकाच आकड्यात मिसळलेली आहेत.

गरजेपेक्षा मोठे अंगण

डार्लिंग्टन हा तेव्हा चौथ्या श्रेणीतला लहान क्लब. २००३ मध्ये तो फीदम्स हे गावाच्या मध्याजवळचे मैदान सोडून शहराच्या कडेला २५ हजार खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये गेला. पहिल्या सामन्याला ११,६०० माणसे आली. पुढे तो आकडा पुन्हा दिसला नाही आणि सरासरी काही हजारांतच राहिली. चार हजार माणसे आठ हजारांच्या मैदानात बसली तर गजबज वाटते. पंचवीस हजारांच्या मैदानात तीच माणसे विखुरतात आणि आवाज छपराखाली विरून जातो. तिकीट आयत्या वेळीही मिळणार हे ठाऊक असल्याने सीझन तिकीट आधी काढण्याची निकड राहत नाही. मग पावसाच्या दिवशी माणूस घरीच थांबतो. देखभाल, वीज आणि सुरक्षारक्षकांचा खर्च मात्र मोठ्या इमारतीचाच येतो. पहिल्याच हंगामात क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला आणि २०१२ मध्ये त्याने ते स्टेडियम सोडले.

मालकी नसणे हा दुसरा धोका. कॉव्हेन्ट्री सिटी २००५ मध्ये हायफील्ड रोड सोडून ३२ हजारांच्या नव्या स्टेडियममध्ये गेला, पण भाडेकरू म्हणून. भाड्याचा वाद चिघळला आणि २०१३-१४ चा हंगाम क्लबला नॉर्थॅम्प्टनमध्ये काढावा लागला. समर्थकांनी बहिष्कार घातला. सरासरी अडीच हजारांच्याही खाली गेली.

कमी खुर्च्या, जास्त माणसे

तुरीनचा युव्हेन्टस याच्या नेमका उलटा गेला. १९९० च्या विश्वचषकासाठी बांधलेल्या देल्ले आल्पीमध्ये ६५ हजारांहून जास्त जागा होत्या, पण मध्ये धावपट्टी असल्याने खेळ लांबून पाहावा लागे. २००१-०२ च्या हंगामात साम्पदोरियाविरुद्धच्या एका चषक सामन्याला तिथे अवघे २३७ प्रेक्षक होते. क्लबने त्याच जागेवर स्वतःच्या मालकीचे ४१ हजारांचे स्टेडियम बांधले आणि धावपट्टी काढून टाकली. २०११-१२ मध्ये सरासरी ३७ हजारांवर गेली. त्याच हंगामात संघ एकही लीग सामना न हरता विजेता ठरला, ही गोष्टही हिशेबात धरायला हवी. तरीही जागा मोजक्या असल्या की तिकीट आधी घ्यावे लागते, हा धडा इथे स्पष्ट दिसतो.

मँचेस्टर सिटीने २००३ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचे स्टेडियम घेतले तेव्हा धावपट्टी उखडली, जमीन खोल केली आणि खाली खुर्च्यांचा आणखी एक थर बसवला. सरासरी सुमारे ३५ हजारांवरून ४७ हजारांच्या जवळ गेली.

वाट, फाटक आणि खुर्ची

एकदा आलेला प्रेक्षक परत येईल का, हे बऱ्याच अंशी आराखड्यात ठरते. पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून मागच्याची नजर मैदानरेषेपर्यंत जाते, ते अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. ९० मिमी चांगले मानतात, ६० मिमी किमान. साठ मिमी असताना पुढे टोपीवाला बसला की मान वर करून पाहावे लागते. एव्हर्टनच्या गुडिसन पार्कमध्ये छपराच्या खांबांमुळे अनेक जागांवरून गोलच अर्धा झाकला जाई. २०२५ मध्ये क्लब ब्रॅमली-मूर गोदीतल्या ५२ हजारांहून अधिक क्षमतेच्या स्टेडियममध्ये गेला, तेव्हा तो अडसर गेला.

फाटकाचे गणित असे. ब्रिटिश सुरक्षा-मार्गदर्शिकेनुसार एका टर्नस्टाइलमधून (एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकातून) तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे धरतात, म्हणजे मिनिटाला ११. ३२ हजारांना तासाभरात आत घ्यायचे तर ४९ टर्नस्टाइल लागतात. पण निम्मे प्रेक्षक शेवटच्या वीस मिनिटांत आले तर तेवढ्या वेळात आत जातात फक्त १०,७८०. उरलेले पाच हजार सुरुवात चुकवतात. यावर उपाय म्हणजे लोकांना लवकर आत यायला कारण देणे: आतल्या खाण्यापिण्याच्या जागा, लवकर येणाऱ्यांना सवलत.

जुनी मैदाने वस्तीत असत, चालत जाता येई. नवी बहुधा बाहेर असतात आणि पार्किंग अपुरे पडते. ब्रायटनने सामन्याच्या तिकिटातच ठराविक परिसरातला रेल्वे-बस प्रवास जोडला, शिवाय फाल्मर स्थानक स्टेडियमला लागूनच आहे. सन्डरलंडमध्ये स्टेडियम उघडल्यावर पाच वर्षांनी, २००२ मध्ये मेट्रो आली. शेवटच्या शिट्टीनंतर गाडीसाठी तासभर रांगेत उभा राहिलेला बाप पोराला घेऊन मंगळवारी रात्रीच्या सामन्याला पुन्हा येत नाही, आणि सरासरी पडते ती याच सामन्यांना.

मुंबई सिटी एफसीने २०१६ मध्ये नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम सोडून अंधेरीचे मैदान घेतले. ते कितीतरी लहान, पण खास फुटबॉलचे आणि उपनगरी रेल्वेच्या टप्प्यातले. क्रिकेटच्या वर्तुळाकार मैदानात फुटबॉलचा प्रेक्षक खेळापासून किती दूर बसतो, हे ज्याने दोन्हीकडे सामना पाहिला त्याला समजावून सांगावे लागत नाही.

अंदाज बांधताना

मागील दहा हंगामांची सरासरी क्षमतेच्या टक्केवारीत मांडावी. ९५ टक्क्यांवर असेल तर दबलेली मागणी आहे. ६० टक्क्यांच्या आसपास असेल तर नव्या खुर्च्या भरण्याची आशा करू नये. प्रतीक्षायादीतली नुसती नावे मोजू नयेत. अनामत रक्कम भरायला सांगितल्यावर किती नावे उरतात ते पाहावे. श्रेणीतून घसरण झाली तर काय, याचा वेगळा हिशेब कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीच मांडावा. शंका असेल तर कमी खुर्च्या बांधून कोपरे आणि पाया पुढच्या विस्ताराजोगे ठेवावेत. ब्रायटनने असेच केले: सुरुवातीचे बावीस हजार दोन वर्षांत तीस हजारांवर नेले.

शेवटी, जाहीर होणारा आकडा कसला आहे ते विचारावे. इंग्लंडमधले अनेक क्लब विकलेली तिकिटे मोजतात, आत आलेली माणसे नव्हे. सीझन तिकीट काढून घरी बसलेला माणूसही ‘हजर’ धरला जातो. स्टेडियम मोठे आणि सीझन तिकीट स्वस्त असेल, तर हा फरक काही हजारांचा होऊ शकतो. टर्नस्टाइलवर स्कॅन झालेल्या तिकिटांची नोंद क्लबकडे असते. खाण्याचे स्टॉल, सुरक्षारक्षक आणि परतीच्या गाड्या किती लागतील, हे तीच नोंद सांगते.