संगणकीय दस्तऐवजाची मांडणी

संगणकीय दस्तऐवजाची मांडणी : वर्ड, लिबरऑफिस रायटर यांसारख्या शब्दसंस्करण आज्ञावलीत टंकलिखित केलेल्या मजकुराचा फॉन्ट, अक्षरांचा आकार, समास, ओळींमधील अंतर, शीर्षके, तक्ते व पृष्ठक्रमांक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच नियमाने राखण्याची पद्धत. व्यवहारात तिला ‘सेटिंग’ म्हणतात. विदर्भातील तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात ‘टाइप झालं, आता सेटिंग करून प्रिंट मारा’ असे कास्तकार किंवा ग्रामपंचायतीचा शिपाई सांगतो, तेव्हा त्याला हेच अभिप्रेत असते. मात्र टंकलेखन आधी आणि सेटिंग मागाहून, हा क्रमच बहुतेक बिघाडांचे मूळ आहे. मांडणी डोळ्यांच्या अंदाजाने पडद्यावर जुळवायची नसून परिच्छेदाला नियम म्हणून सांगायची असते.

अंदाजाने जुळवण्याची सवय टंकलेखन यंत्राकडून आली. त्या यंत्रावर जवळपास प्रत्येक कळीबरोबर कागद ठरावीक अंतरच सरकत असे, त्यामुळे कोऱ्या जागा मोजून दिनांक उजवीकडे नेणे किंवा शीर्षक मध्यभागी आणणे ही शास्त्रशुद्ध रीत होती आणि टंकलेखन संस्थांत ती तशीच शिकवली जाई. संगणकावरील फॉन्टमध्ये ‘र’ अरुंद व ‘क्ष’ रुंद असतो, म्हणून कोऱ्या जागा मोजून काहीही जुळत नाही. ग्रामसभेच्या सूचनेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. खाली डावीकडे ‘सचिव’ व उजवीकडे ‘सरपंच’ असे लिहिताना ऑपरेटर दोहोंच्या मध्ये तीस-चाळीस वेळा स्पेसबार दाबतो. त्याच्या पडद्यावर दोन्ही पदनामे नीट दिसतात, परंतु फॉन्टचा आकार एका अंकाने वाढवताच ‘सरपंच’ हा शब्द खालच्या ओळीत डावीकडे येऊन बसतो आणि सही कोणाखाली करायची, असा प्रश्न उभा राहतो. पानाच्या वरच्या मोजपट्टीवर उजव्या समासाशी उजवा टॅब (शब्दाची उजवी कड जेथे टेकवायची ती खूण) ठेवून मध्ये एकदाच टॅबची कळ दाबली, तर अक्षरे कितीही मोठी केली तरी पदनाम उजव्या समासालाच टेकून राहते. नवे पान हवे असताना वीस वेळा एंटर दाबणे हा याच जातीचा दोष होय. वर एक ओळ वाढली की पुढची सगळी पाने सरकतात. त्यावर कंट्रोल व एंटर या कळा एकत्र दाबून टाकलेला पृष्ठखंड (पेज ब्रेक) हा उपाय आहे.

नियम साठवण्याच्या सोयीस शैली किंवा स्टाइल म्हणतात. मुख्य शीर्षक, उपशीर्षक व साधा मजकूर यांची एकेक शैली ठरवून प्रत्येक परिच्छेदाला ती लावली, की शैलीत केलेला एक बदल शंभर पानांवर एकदम लागू होतो आणि अनुक्रमणिकाही शीर्षकांवरून आपोआप तयार होते. गावपातळीवर या सोयीचा उपयोग फारच कमी होतो. गडचिरोली जिल्ह्यातील सामूहिक वनहक्कांचे (जंगलावरील गावाच्या एकत्रित हक्कांचे) दावे (धानोरा तालुक्यातील मेंढा लेखा या गावास असा हक्क २००९ मध्ये मिळाला) यांसारख्या ठराव, पुरावे, नकाशे व जबाब जोडलेल्या जाड नस्तीत तिची गरज सर्वाधिक असते. तेथे प्रत्येक जोडपत्राचे शीर्षक एकाच शैलीत आणि पृष्ठक्रमांक सलग असला, तर ‘पान ४७ पाहा’ म्हटल्यावर सर्वांना तेच पान सापडते.

देवनागरीची मांडणी रोमन लिपीचे नियम उचलून होत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार, तर खाली उकार व ऋकार येत असल्याने ओळींना अधिक मोकळी जागा लागते. १२ पॉइंटच्या (पॉइंट हे अक्षरांच्या आकाराचे माप) अक्षरांसाठी ओळींतील अंतर ‘नेमके १२ पॉइंट’ असे बांधून टाकले, तर अनेक फॉन्टमध्ये वेलांटीचे टोक कापले जाते. सव्वापट ते दीडपट अंतर सुवाच्य ठरते. ठळक ठशात ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’ यांच्या पोटातील जागा भरून जाते, म्हणून ठळकपणा शीर्षकापुरता ठेवणे बरे. तिरपी अक्षरे देवनागरीच्या परंपरेत नाहीत. अधोरेखनाची रेघ तर थेट उकारांतून जाते. ‘विषय :’ या ओळीखाली रेघ मारण्याची कार्यालयीन हौस त्यामुळे वाचकाच्या मुळावर येते. दोन्ही कडा सरळ करणारी रचनाही जपून वापरावी लागते. मराठीतील ‘अतिवृष्टीग्रस्तांसाठीच्या’ यांसारखे लांब शब्द ओळीअखेर तुटत नाहीत, ते अखंड खाली जातात आणि वरच्या ओळीत शब्दांमध्ये भगदाडे पडतात.

अक्षरवळण हाही एकसारखेपणाचाच भाग आहे. हिंदीसाठी घडवलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ व ‘श’ यांची वळणे हिंदी पद्धतीची दिसतात. महाराष्ट्र शासनाच्या २०२२ मधील निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ सांगितले आहेत. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवताच ही वळणे आपोआप बदलतात.

याहून मोठी अडचण जुन्या फॉन्टची आहे. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या संकेतांत साठवला जातो व फॉन्ट त्यावर फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. अशी फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की ठरावाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक असल्याने फॉन्ट बदलला तरी मजकूर वाचता येतो, मात्र अक्षरांची रुंदी बदलून पाने हलू शकतात. म्हणून छपाईसाठी फाइल पेन ड्राइव्हवरून दुसरीकडे नेताना फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रत सोबत ठेवतात.

कागदाचा आकार आरंभीच ठरवावा लागतो. ए-४ कागद २१० × २९७ मिमी. असतो, तर लीगल कागद सुमारे २१६ × ३५६ मिमी. म्हणजे लीगलवर बेतलेले पान ए-४ वर छापताना उंचीत जवळपास ६ सेंमी. जागा कमी पडते. सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे दाखल होणाऱ्या कागदपत्रांसाठी १ एप्रिल २०२० पासून दोन्ही बाजूंनी छापलेला ए-४ कागद, १४ आकाराची अक्षरे व दीडपट अंतर ही रीत घातली. नस्तीत जाणाऱ्या पत्राचा डावा समास रुंद ठेवतात, नाहीतर पंचिंगची भोके जावक क्रमांकावर पडतात.

तक्त्यात आकड्यांची मांडणी महत्त्वाची असते. पीक नुकसानीच्या यादीत एका खातेदाराचे क्षेत्र ०.८१ हेक्टर (दोन एकर) व दुसऱ्याचे १०.५ असे मध्यभागी जुळवून लिहिले, तर दशांशचिन्हे एकाखाली एक येत नाहीत आणि बेरीज तपासणाऱ्याची नजर फसते. स्तंभाला दशांश टॅब (दशांशचिन्हे एका रेषेत आणणारी खूण) लावून १०.५ ऐवजी १०.५० लिहिले, की हेक्टरखाली हेक्टर व आरखाली आर (हेक्टरचा शंभरावा भाग) येतात. यादी अनेक पानांची असल्यास शीर्षओळ प्रत्येक पानावर पुन्हा उमटेल अशी सोय तक्त्याच्या गुणधर्मांत असते; ती न वापरल्यास तिसऱ्या पानावर ‘पेरलेले क्षेत्र’ कोणते आणि ‘बाधित क्षेत्र’ कोणते, हे पहिले पान उलटून पाहावे लागते.